मारुतीरावांच्या उत्तरावरची फुली

स्नेहीजनहो, आज दुपारी मी इंदापूरहून एसटीने कळंबला जाऊन आलो. वर्गमित्र मारुतीरावांची क्षमा मागायची होती.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात आम्ही इंदापूरला एकाच वर्गात होतो. आमचे मास्तर पहिल्या आलेल्या मुलाकडून इतरांच्या वह्या तपासून घेत. तो मान माझा होता. एकदा उदाहरण असे होते: वांग्यांच्या दोन व कांद्यांच्या तीन पाट्यांचे वजन साठ शेर, वांग्यांच्या चार व कांद्यांच्या सहा पाट्यांचे एकशेवीस शेर, तर एकेका पाटीचे वजन किती?

माझे उत्तर पंधरा आणि दहा होते. मारुतीरावांनी लिहिले होते, ‘दुसरे समीकरण पहिल्याचीच दुप्पट आहे, म्हणून उत्तरे असंख्य निघतील.’ मी त्यावर तांबडी फुली मारली.

महाविद्यालयात गेल्यावर समजले की त्यांचेच बरोबर होते. तरीही अहंकारापायी मी आजवर बोललो नाही.

आज बोललो, तेव्हा ते आधी हसले.

“म्हंजी मी बरोबर हुतो, व्हय गुरुजी? मला वाटलं, आमच्या घराण्यात गणिताचं डोकंच न्हाय. थोरली लेक बीजगणितात अडली, तवा मीच तिला शाळंतनं काढली.”

इतक्यात ती थोरलीच चहा घेऊन आली. “कशाचं बोलनं चाललंय, आबा?”

मारुतीरावांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

आयुष्यभर शिक्षक म्हणून मी इतरांची वाक्ये सुधारली. तिला सांगण्याजोगे एक वाक्य मला रचता आले नाही. आपण काय सांगितले असते?