ओटीतला नारळ

आमच्या घराण्यात पोट आईकडून येतं. आजीकडून आईला आलं, आईकडून मला. हातपाय काडीसारखे, चेहरा आटोपशीर, आणि जे काही वजन म्हणून आहे ते सगळं छाती आणि कंबर यांच्या मधे येऊन मुक्काम केलेलं. आता मोबाइलवरच्या मुली याला ‘ॲपल शेप’ म्हणतात. सफरचंद म्हटलं की कसं नाजूक, परदेशी वाटतं. आई सरळ ‘माठ’ म्हणायची, आणि तेही कौतुकानं. “आपल्या बायकास्नी देवानं मधीच दिलंय,” ती म्हणायची. “दिलंय न्हवं? मग कुटं का दिईना.”

आईला असं म्हणणं परवडायचं. तिचं सगळं आयुष्य टाकव्यात, भाताच्या खाचरांत गेलं. लुगड्याचा ओचा पोटावर खोचला की त्यात विळा, पानसुपारी, शेंगा, काहीही मावायचं. तिच्या पोटाला काम होतं. मी शिकले, मास्तरीण झाले आणि लग्न होऊन लोणावळ्यात आले. माझ्या पोटाला लोकांसमोर उभं राहण्यापलीकडे काही काम उरलं नाही.

तरी तिशीपर्यंत मला त्याचं फारसं वाटत नव्हतं. मग टाकव्यातच चुलत बहिणीचं लग्न निघालं. त्या लग्नासाठी आईनं मला एक साडी घेतली होती. पिकलेल्या आंब्याचा रंग, वीतभर जांभळा काठ, अंगभर बुट्टे. मी ती नेसून मांडवात शिरले तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की आज आठवलं तरी हसू येतं. सवाष्णींच्या ओट्या भरल्या. पदरात तांदूळ, नारळ, खण पडला. मी ते सगळं काढून पिशवीत ठेवलं आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले.

तिथं गावातली एक म्हातारी मावशी होती. नजर अधू, आवाज खणखणीत. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, मग तो हात खाली आणला आणि पोटावर दोनदा थोपटलं. “आगं पोरी, वटीतला नारळ काढून ठिव की! किती येळ कमरंला घिऊन फिरशील?”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कळलं. अख्खा मांडव हसला. मावशीला कुणीतरी कानात सांगितलं तशी ती बिचारी जीभ चावून म्हणाली, “आगं बया, मला कुटं दिसतंय!” आणि तीही हसली. पंगत बसेपर्यंत सगळे विसरलेसुद्धा. मी मात्र विसरले नाही. घरी आल्यावर ती साडी कपाटाच्या तळाशी गेली.

त्यानंतर मी कपड्यांचा जो अभ्यास केला तो बी.एड.लाही केला नव्हता. गडद रंग घ्यायचे. कापड मऊ, अंगावरून ओघळणारं, फुगणारं नको. काठ बोटभर. बुट्टे मोठे नकोत. ब्लाउजचा गळा खोल नाही पण टोकदार, म्हणजे बघणाऱ्याची नजर वर राहते. ब्लाउजची उंची नेहमीपेक्षा चार बोटं जास्त. निऱ्या कमी आणि जराशा डावीकडे. परकराची नाडी करकचून बांधली की पोटाचे दोन मजले होतात, म्हणून नाडीच्या जागी रुंद पट्टा. कुडत्याला पट्टा किंवा चुण्या अजिबात नाहीत. दुकानातले लोक कापड हातानं बघतात, मी पोटानं बघायची. बाजारातला एक दुकानदार तर मला लांबून पाहिलं की आपणच निळ्या-काळ्या साड्यांचा गठ्ठा काढून ठेवी.

शाळेत आणखी एक युक्ती होती. फळ्यावर वरच्या बाजूला लिहायला हात उचलला की पदर वर सरकतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसतं. म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला शिकले. माझ्या वर्गात सुविचारही कमरेच्या उंचीला असायचा.

लोणावळ्याचं एक बरं आहे. वर्षातले निम्मे महिने धुकं, पाऊस, गारठा. शाल, स्वेटर, रेनकोट यांत माणसाचा आकारच राहत नाही. आणि तरी याच गावात शनिवार-रविवारी मी बसची वाट बघत उभी असते तेव्हा बाहेरून आलेल्या बायका तोकडे कपडे घालून, पोट वाऱ्यावर टाकून रस्त्याकडेला गरम भजी खात असतात. त्यांतल्या कितीतरी माझ्याच साच्यातल्या. पहिल्यांदा मला राग यायचा. काय ही लाज सोडणं, असं वाटायचं. नंतर मी नुसतीच बघत राहायची. राग कशाचा येत होता ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

खाण तशी माती. माझ्या लेकीलाही तोच साचा मिळाला. ती आठवीत गेली तसे तिचे पिवळे-गुलाबी फ्रॉक मी बाजूला काढले आणि निळी, मरून कुडती आणली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तेच घालत राहिली. शिकली, तळेगावच्या एका कंपनीत लागली, आणि परवाच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा सुदुंबऱ्याचा, तिच्याच कंपनीतला. घरची शेती, माणसं मोकळी आणि मोठ्या आवाजाची.

बस्त्याला दोन्हीकडची मिळून वीसेक माणसं तळेगावच्या दुकानात पांढऱ्या गाद्यांवर बसली. ज्यांना बस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नाचे सगळे कपडे दोन्ही घरांनी एकत्र बसून, चहा पीत, प्रत्येकाचं मत घेत निवडायचे. नवरीचा शालू सासरचा, पण तो पसंत करायला सगळं गाव. माझ्यासारखीला ही शिक्षाच. दुकानातला माणूस नवरीला उभं करतो, तिच्या कपड्यांवरूनच शालू गुंडाळतो, आणि वीस माणसं तिला खालपासून वरपर्यंत बघतात.

विहीणबाईंनी पोपटी शालू उचलला. वीतभर काठ, कडक रेशीम, मोठे बुट्टे. “विहीणबाई, ह्यो बगा. पोरगी कशी पिकावानी दिसंल!”

मी ताबडतोब म्हणाले, “नको हो, फार कडक आहे. फुगेल अंगावर. दादा, मऊ काहीतरी दाखवा, वाइन रंगात.”

लेक आरशासमोर उभी होती. पोपटी पदर तिच्या खांद्यावर होता आणि तिनं काठ दोन बोटांत धरला होता. तिनं आरशातूनच माझ्याकडे बघितलं. “आई, तू साडी बघतच नाहीयेस. तू माझं पोट बघतेयस.”

आवाज चढलेला नव्हता. पण गादीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. विहीणबाई घाईनं एका साडीची घडी घालू लागल्या, जी त्यांना घालता येत नव्हती.

मी उठून बाहेर आले. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मला प्रचंड राग आला होता. जिच्यासाठी आयुष्यभर रंग निवडले, उसवलं, शिवलं, तिनं व्याह्यांसमोर हे बोलावं? लोक हसू नयेत म्हणूनच केलं ना सगळं? चहा संपेपर्यंत राग होता. मग त्याच्या खालून दुसरंच काही वर आलं. तिच्या पोटाकडे बघून आजवर कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथं बघणारी मी एकटीच होते. आत आले तेव्हा पोपटी शालू बांधून झाला होता.

पुढच्या आठवड्यात ब्लाउजचं माप द्यायला गेलो. शिवणाऱ्या बाईंनी टेप लावली तशी लेकीनं श्वास ओढून पोट आत घेतलं. मी बघतच राहिले, कारण मीही अगदी असाच श्वास ओढते, खांदे थोडे वर, हनुवटी पुढे. हे काही आईकडून आलेलं नव्हतं. आईचं माप कधी कुणी घेतलंच नव्हतं. हे माझ्याकडून आलं होतं.

“श्वास सोड,” मी म्हणाले.

“काय?”

“सोड श्वास. माप खोटं दिलं की कपडा सूड घेतो. दिवसभर उभं राहायचंय, जेवायचंय, हसायचंय तुला.”

तिनं हळूच श्वास सोडला. बाईंनी टेप पुन्हा लावली आणि नवा आकडा लिहिला.

मग मी हट्टाला पेटले. पोपटी तर पोपटी. इतक्या वर्षांची विद्या काय नुसती झाकायला होती? कडक रेशमाच्या निऱ्या मी घरी दोन-तीनदा घालून बघितल्या आणि इस्त्रीनं बसवल्या. मोजक्या, रुंद. पदर खांद्यावर असा चापून लावला की तो वीतभर काठ सरळ रेषेत खाली उतरत गेला. आरशात बघून लेक म्हणाली, “अय्या!” तिचं पोट होतं तिथंच होतं. पण आता आधी ती दिसत होती.

“आणि तू काय नेसणार?” तिनं विचारलं. मी निळी साडी दाखवली. ती कपाटात खालपर्यंत हात घालून उचकू लागली आणि तिच्या हाताला आंबेरंगी साडी लागली. “ही कुणाची?”

“माझी. आजीनं घेतलेली.”

“मग नेसत का नाहीस?”

“मला तो रंग चालत नाही.” नारळाची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती, तेव्हाही सांगितली नाही. तिनं साडी पलंगावर ठेवली आणि निघून गेली.

लग्नाच्या दिवशी पहाटे दोन्ही साड्या इस्त्री करून समोर होत्या. मी निळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी आईची आठवण इतकी आली की आंबेरंगीच नेसले. खोटं कशाला सांगू, त्या साडीत माझं पोट दिसतच होतं. कुठल्याही निऱ्यांनी ते लपलं नसतं. सोमाटण्याजवळच्या मंगल कार्यालयात मी दिवसभर ते पुढे घेऊन हिंडले. कुणाला पान हवं, कुणाला गाडी, कुणाचं बाळ रडतंय. दुपारनंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकदाही पदर सारखा केला नव्हता.

संध्याकाळी विहीणबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. मी ते सगळं पिशवीत घालून भावजयीकडे दिलं, कारण गाडी दारात आली होती. लेक वळली आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी, सगळं अंग टाकून. दोघींचेही हात काडीचे, आणि मधे हे एवढं. तिला नीट कवेत येईना. रडता रडता ती माझ्या खांद्यावर पुटपुटली, “आई, तो नारळ काढ ना गं. मधे येतोय.”

“नारळ पिशवीत आहे,” मी म्हणाले. “ही मीच आहे.”

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. काजळ गालावर आलं होतं. आधी मी हसले की ती हसली, आता सांगता येणार नाही. हसताना दोघींची पोटं एकमेकींना लागून हलत होती, आणि गाडीतून विहीणबाई विचारत होत्या, “काय झालं गं? रडताय का हसताय?”