किमान भावाचं गुपित

दोन माणसं एकत्र हसताना दिसली की फौजदार सरांची पावलं थांबत. कॉलेजच्या कँटीनमध्ये, बसस्टँडवर, एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत. "हे दोघं काऊन हसून राह्यले?" असं ते माझ्या कानाशी येऊन विचारत. सर वर्ध्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, पोलिसांशी त्यांचा काही संबंध नव्हता. फौजदार हे नाव पोरांनी ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि कुणी ठेवलं असावं याबद्दलही त्यांचा एक संशय होताच.

त्यांचा विषय लिलाव. कारखान्यांनी हवेत किती कार्बन सोडायचा याला सरकारने मर्यादा घालायची, तेवढेच परवाने काढायचे आणि ते लिलावात विकायचे. ज्याला जास्त धूर सोडायचा आहे, त्याने जास्त परवाने विकत घ्यावेत. हा लिलाव कोणत्या नियमांनी व्हावा याचा मसुदा नागपूरच्या एका अभ्यासगटाने सरांकडे सोपवला होता. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, केळझरची. त्यांनी मला सहायक म्हणून घेतलं. त्याआधी माझं कुणी नातेवाईक कारखानदार तर नाही ना, हे गावात जाऊन विचारून आले होते.

नियमांची परीक्षा आम्ही कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत घेत असू. विद्यार्थी कारखानदार व्हायचे, कुणी सिमेंटवाला, कुणी पोलादवाली. ज्याचा नफा जास्त त्याला गोरसपाक बिस्किटांचा पुडा. सुरुवातीला सगळ्यांची बोली सगळ्यांना दिसायची, तर भाव जागचा हलेचना. सरांनी उलटतपासणी घेतली. पोरांनी चहा पिताना ठरवलं होतं की सगळ्यांनी कमीच परवाने मागायचे, भाव चढू द्यायचा नाही. मला वाटलं, सर आता भडकणार. त्यांनी त्या टोळीला जास्तीचे पुडे दिले. "माणूस तर संगनमत करणारच," ते म्हणाले. "नियमाले भोक असलं तर दाखवणाऱ्यावर काऊन चिडायचं?" त्या दिवशी ते इतके खुशीत होते की मला गंमत वाटली.

मग सरांनी बोली झाकली आणि एक किमान भाव ठरवला. त्याच्या खाली परवाने विकायचेच नाहीत. हा भाव गुप्त. कॉम्प्युटरलाच आकडा निवडू द्या असं मी सुचवलं, तर म्हणाले, "त्याच्या मागंही माणूसच असते." म्हणून ते स्वतः भाव ठरवायचे आणि मी तो कॉम्प्युटरमध्ये भरायचे. ठाऊक फक्त आम्हा दोघांना. तरी दर खेपेला पोरांच्या बोली नेमक्या त्या भावाला येऊन टेकू लागल्या.

सरांची नजर बदलली. लिलावातल्या दोन मुली केळझरच्या होत्या, माझ्याच एसटीने यायच्या. "बसमध्ये काय गोष्टी चालतेत तुमच्या?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सर, तुम्ही मला विचारताय?"

"मी सगळ्याइले विचारतो."

दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला होता. पिपरी मेघेला त्यांच्या घरी मी रोज कामाला बसायचे, तेही बंद झालं. मला कामावरून काढायचं त्यांच्या मनात आहे, हे काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला फोनवर हळूच सांगितलं. मला फार लागलं. ज्यांनी शिकवलं त्यांनीच चोर ठरवलं तर या क्षेत्रात दुसरं कोण मला दारात उभं करणार होतं?

पुढच्या खेपेला सरांनी भाव एकट्याने ठरवला, एकट्याने भरला आणि मला व्हरांड्यात बसवलं. बोली पुन्हा तिथेच येऊन टेकल्या. खिडकीतून मला सरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी केळझरच्याच एका मुलीला उभं केलं. ती निवांतपणे म्हणाली, "सर, तुमी दर खेपेस मागच्या लिलावात निघालेल्या भावाच्या दोनच रुपये खाली ठेवता. हे तं आमाले कवाचंच समजलं."

कुणावर विश्वास नको म्हणून सर स्वतः भाव ठरवत होते आणि त्यांची सवय अख्ख्या वर्गाला पाठ झाली होती. त्यांनी मुलीला पुडा दिला. मग बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या घरी येजो." एवढंच. मी गेले, काम केलं, पण मनातली अढी सुटली नव्हती.

नागपूरच्या बैठकीत सरांनी मसुदा वाचला. त्यात एक नवं कलम होतं, किमान भाव लिलावाआधी सर्वांना जाहीर करावा. एका अधिकाऱ्याने विचारलं, गुप्त ठेवला तर काय बिघडतं? अशा बैठकीत सर अगदी प्रमाण मराठी बोलत. ते म्हणाले, "गुपित फुटल्यासारखं वाटलं की ते ज्याला ठाऊक असतं त्याच्यावर आळ येतो. माझ्या या सहायिकेवर मी तो घेतला. तिचा काहीही दोष नव्हता. चूक माझी होती." आणि लगेच पुढचं कलम वाचू लागले. मी पाणी आणते म्हणून उठले, ती बैठक संपेपर्यंत आत जाऊ शकले नाही.

मागच्या थंडीत सर गेले. परवा मसुद्याची अंतिम प्रत माझ्या हाती आली. ते कलम तसंच आहे, खाली कारण मात्र दिलेलं नाही. सरकारी कागदात असली कारणं राहत नाहीत. मला ते कलम कारणासकट पाठ आहे.