बर्फातला कॅन

दुसरा पंप बंद पडला तेव्हा माझा प्रयोग रंगात आला होता.

अलिबागजवळच्या एका केमिकल कारखान्यात मी फ्लो सिस्टिम, म्हणजे टाकीऐवजी वाहत्या नळीत रसायन बनवायची यंत्रणा, बसवून दिली होती. जमलेल्या ऑपरेटरांपुढे करंगळीएवढी नळी जादूगारासारखी उंच धरून मी सांगत होते, "हिच्यात एक राक्षस जन्मतो आणि काही सेकंदांत मरतो. बारशाला जायचं नाही, मयतालाही नाही." सगळे हसले. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात.

राक्षस म्हणजे डायझोनियम. रंग बनवताना मधल्या पायरीवर हा पदार्थ तयार होतो. साठवला तर गॅस सोडतो, सुकला तर नुसत्या घासण्याने फुटतो. पूर्वी तो मोठ्या टाकीत बनवायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. नळीत पहिला पंप तो बनवतो, दुसरा पंप लगेच पुढचं रसायन सोडून संपवतो. आत कधीही कपभरच. म्हणून दुसरा थांबला की पहिलाही थांबवायचा.

मी थांबवला. पंपाचं सील गेलं होतं. नवं मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला येणार होतं.

प्लँट मॅनेजर साठे धावत आले. माल उद्या निघायचा होता. नमुना काढायला दोन पंपांच्या मधे त्यांनी हट्टाने एक व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पहिला चालू ठेवू. इथून कॅनमध्ये घेऊ, सील आलं की पुढचं."

"साहेब, हे साठवायचं नाही म्हणून तर ही नळी घेतलीत."

"बर्फात ठेवू की."

ऑपरेटर मंगेशला ते पटलं. कोळ्याचा पोरगा, घरची बोट. "चार-चार दिस मासली ऱ्हाते मॅडम बर्फात. काय व्हत न्हाय."

"मासळी बिघडली की वास मारते, मंगेश. हा बिघडताना गॅस सोडतो, आणि त्याला वासही नसतो."

साठ्यांनी मान डोलावली. पंप बंदच ठेवतो, म्हणाले. मी सील आणायला मांडव्याला गेले.

परतले तेव्हा गेटवर अँब्युलन्स होती. मी गेल्यावर साठ्यांनी पहिला पंप सुरू करवला होता. कोळ्यांच्या जेट्टीवरून बर्फ आणला होता. भरलेल्या कॅनमध्ये गॅस कोंडला, झाकणाच्या आट्यांत थोडा माल सुकला. मंगेशने झाकण फिरवलं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. एक डोळाही.

चौकशी अहवालात साठ्यांचं नाव नाही. "ऑपरेटरने झाकण प्रमाणाबाहेर घट्ट लावले," असं त्यात आहे. हॉस्पिटलमध्ये मी मंगेशला विचारलं, एवढं घट्ट का लावलंस?

"बर्फाचं पानी आत जाऊन माल खराब होईल म्हणून," तो म्हणाला.

हल्ली मी दोन्ही पंप एकाच स्विचवर जोडते आणि मधे व्हॉल्व्ह ठेवत नाही. गिऱ्हाईक विचारतं, नमुना कुठून काढायचा? मी सांगते, शेवटून. मधून जे काढता येतं, ते कोणीतरी काढतंच.