क्लिफर्ड हेवूडची पीचटंचाई

आमच्या क्रॅगली गावात क्लिफर्ड हेवूडला कुणी हट्टी म्हणत नाही, कारण तो त्या शब्दात मावत नाही. जन्मभर त्यानं बस चालवली. एखादी म्हातारी पिशव्या सावरत धावत येताना दिसली, तरी वेळ झाली की हा बस हाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिलाच ऐकवायचा, "काल उशिरा आलीस बरं का." वर माफी तिनंच मागायची. मागायचीसुद्धा! इथं ज्याचा पाय तुडवला जातो, तोच आधी 'माफ करा' म्हणतो.

मी त्याची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, सुधा. केस पांढरे झाले तरी मला तो 'पोरी' म्हणतो. त्याचं जेवण म्हणजे मटण, उकडलेला बटाटा आणि वर ग्रेव्ही. लसणाला तो युरोपचा डाव समजतो. माझ्या फोडणीबद्दल मात्र त्याची कधी तक्रार नव्हती. भारत युरोपात नाही, एवढं त्याला पुरत होतं.

साहजिकच देशानं युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा त्यानं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं. मत गुप्त असतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं. खिडकीत झेंडा लावला, आणि क्लबात बिअरचा ग्लास आपटून भाषणं ठोकली. "आपण आपलं पिकवू, आपण आपलं खाऊ! युद्धात जगलोच ना?" युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मलेला हा माणूस. त्याचा जुना दोस्त नॉर्मन दुसऱ्या बाजूचा. तो म्हणायचा, "क्लिफ, तुझ्या परसात रताळंसुद्धा येत नाही." त्यावर क्लिफर्ड म्हणायचा, "येईल. आधी बाहेर तर पडू दे."

त्याला गप्प करणारं जगात एकच माणूस होतं, त्याची बायको मर्टल. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य होती. तिनं आवाज चढवला की शाळेतली पोरंच काय, आमच्या गल्लीतली कुत्रीही खाली बसायची. मतदानानंतरच्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. उरले तीन शब्द. हो, नाही आणि चहा.

दवाखान्यात तिच्या घशाखाली काही उतरेना. शेवटी क्लिफर्डनं पिशवीतून पीचच्या फोडींचा डबा नेला, पाकातली एक फोड चमच्यानं चेचली आणि तिच्या ओठांना लावली. ती तिनं गिळली. तेव्हापासून घरात पीच सुरू झाले. सकाळी पीच, दुपारी पीच, संध्याकाळी कस्टर्ड घालून पीच. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आता मऊ काहीही द्या, मासा द्या, बटाटा द्या. क्लिफर्डनं मान डोलावली आणि घरी येऊन डबा उघडला.

"ती नाही म्हणतेय रे," मी एकदा म्हटलं.

"तिच्या नाहीचा अर्थ हो असतो. या दुखण्यात शब्द उलटसुलट होतात, डॉक्टरच म्हणाले. आ कर, मर्टल."

मर्टलनं माझ्याकडे पाहिलं आणि आ केला.

दोन हजार एकोणीस सालचा शरद आला तेव्हा टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. करार होणार की नाही, ऑक्टोबरअखेर बाहेर पडल्यावर काय होणार, डोव्हर बंदरात लॉऱ्या किती मैल तुंबणार, भाजी मिळेल का, औषधं मिळतील का. सरकारनं 'घाबरायचं कारण नाही' असं सांगितलं आणि त्या दिवसापासून गाव घाबरलं. क्लिफर्ड तेवढा हसत होता. मग एका दुपारी तो हातात डबा घेऊन आमच्या परसाच्या भिंतीशी आला. चेहरा उतरला होता.

"पोरी, ग्रीस युरोपात आहे का गं?"

"आहे की."

"कधीपासून?"

"नकाशा काढल्यापासून असेल बाबा. काय झालं?"

त्यानं डबा पुढे केला. कागदावर बारीक अक्षरात ग्रीसचं नाव होतं. इतकी वर्षं मर्टल ग्रीसवर जगत होती आणि याला पत्ता नव्हता.

"इथं पीच होत नाहीत?"

"ऊन लागतं त्याला."

त्यानं वर पाहिलं. क्रॅगलीचं आभाळ जसं असतं तसंच होतं, गोधडीसारखं. तरी पठ्ठ्यानं दुसऱ्या दिवशी एक ताजा पीच आणला, खाल्ला आणि बाठा कुंडीत पुरला.

झाडाला फळ लागेपर्यंत काय, म्हणून तो माझ्या गाडीतून सुपरमार्केटात आला. मांडणीवरचे पीचचे सगळे डबे त्यानं ढकलगाडीत भरले आणि वरून संडासच्या कागदाचे गठ्ठे रचले. साठेबाजी लपवायला साठेबाजीच वर ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. गल्ल्यापाशी नेमक्या आमच्या पाद्रीणबाई, ज्युडिथ, रांगेत पुढे उभ्या. गठ्ठे उचलले गेले आणि खालचे पीच उघडे पडले.

"अगंबाई, क्लिफर्ड! एवढे पीच?"

क्लिफर्डचे कान लाल झाले. काही कमी पडणार नाही असं गावभर सांगत हिंडणारा हाच. तो म्हणाला, "हे... सुगीच्या उपासनेसाठी."

ऑक्टोबरात चॅपेलमध्ये, म्हणजे आमच्या लहानशा चर्चमध्ये, सुगीबद्दल देवाचे आभार मानतात. पूर्वी लोक गव्हाच्या पेंढ्या आणायचे. आता शेतं कुणाकडे उरली आहेत? म्हणून डबे आणून वेदीपुढे मांडतात आणि पुढे ते फूड बँकेत गरिबांना जातात. बहुतेक जण कपाटाच्या तळाशी सापडलेलं, मुदत संपलेलं सूप देऊन देवाचे आभार मानतात. ढकलगाडी भरून नवे डबे कुणी कधी दिले नव्हते. पाद्रीणबाईंचे डोळे भरून आले.

"मी उद्याच गाडी घेऊन न्यायला येते!"

"नको, नको. माझ्या घरीच राहू देत की. सांभाळतो मी."

"मग असं करू, या वर्षी सगळ्या गावाचं तुमच्याकडेच जमवू! देवानंच तुम्हाला बुद्धी दिली, क्लिफर्ड."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गाडीत बसल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "खरं सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? साठा करतोय म्हणून? नॉर्मन मला मरेपर्यंत सोडेल का?"

"बरं, डबे तर तुझ्याच घरात राहणार आहेत. त्यातलेच घाल तिला."

"देवाला दिलेले? पोरी, मी काय चोर आहे? दिलं म्हणजे दिलं."

त्या दिवशी गल्ल्यावरच्या मुलीनं आईला सांगितलं, आईनं केशकर्तनालयात सांगितलं आणि क्लबात नॉर्मननं त्याचा अर्थ लावला. "क्लिफ एवढे पीच घेतोय म्हणजे त्याला आतलं काहीतरी कळलंय. लॉरीवाले बसवाल्यांशी बोलतात." बस्स. शनिवारपर्यंत क्रॅगलीत पीचचा डबा औषधाला उरला नाही. लहानपणानंतर ज्यांनी पीच चाखला नव्हता, ते पिशव्या भरभरून नेत होते. आमचे हेसुद्धा सहा डबे घेऊन आले.

"खाणार कोण हे?" मी विचारलं.

"सगळे घेत होते," हे म्हणाले.

क्लिफर्ड पुन्हा दुकानात गेला तेव्हा मांडणी रिकामी होती. पांढराफटक पडून तो थेट माझ्याकडे आला. "सुरू झालं, पोरी. टंचाई सुरू झाली."

"अरे, तुझ्यामुळे झालीय ती! तू घेतलेस म्हणून लोकांनी घेतले."

"एका माणसानं कुठं टंचाई होते?" असं म्हणून तो शेजारच्या गावी बस पकडून गेला. तिथंही पीच नव्हते. आमचे लोक आधीच जाऊन आले होते.

इकडे लोकांना आपापल्या घरात पीचची रास बघून लाज वाटायला लागली. दुकानात परत करावेत तर कारण सांगावं लागणार. त्यापेक्षा दान बरं. मग रोज संध्याकाळी क्लिफर्डच्या दाराची घंटा वाजू लागली. "थोडे पीच होते घरात, म्हटलं द्यावेत. सहज." नॉर्मननं तर खोकाच आणला, वर वर्तमानपत्र झाकून. "सूप आहे," तो म्हणाला. दोघांनी गंभीर चेहऱ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आठवड्याभरात समोरची खोली पीचनं अशी भरली की मर्टलची चाकाची खुर्ची खिडकीपर्यंत नेता येईना. ती दारातूनच त्या डब्यांकडे बघत बसायची.

आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात तिच्यासाठी एकच डबा उरला.

उपासनेच्या आदल्या दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. दिलेला चहा त्यानं बाजूला सरकवला. "उद्यापर्यंत पुरेल. पुढं ती काय खाणार?"

माझं डोकंच फिरलं. "खोलीभर पीच आहेत, मेल्या! आणि नसते तरी बटाटा आहे ना? तुमचा लाडका बटाटा! मऊ करून दे की."

"आणि घशात अडकला तर?"

मी उठून बटाट्यांची टोपली पुढ्यात ओढली.

"दवाखान्यात तिला दुसऱ्या दिवशी बटाटाच दिला होता," तो म्हणाला. "अडकला. निळी पडली ती, पोरी. माझ्यासमोर. नर्सनी मला बाहेर काढलं. काचेतून बघत होतो. मग पीच दिला आणि तो गेला खाली. मला दुसरं काही माहीत नाही. मी तिला दुसरं काही देणार नाही."

इतकी वर्षं मी त्याच्या हट्टाला हसत होते. तो हट्ट नव्हताच, तो माणूस त्या काचेपाशीच उभा होता अजून. मला माझ्या तोंडाळपणाची शरम वाटली आणि त्याची फार माया आली. पण मायेनं डबे थोडेच येतात? आमच्या घरचे सहासुद्धा यांनी केव्हाच देवाला देऊन टाकले होते.

रविवारी चॅपेल गच्च भरलं होतं. वेदीपुढे एक भोपळा, एक पेंढीच्या आकाराचा पाव, आणि त्यांच्या मागे पीच. डब्यांवर डबे, थेट व्यासपीठाच्या कठड्यापर्यंत. उभं राहून बोलताना पाद्रीणबाईंचं फक्त डोकं दिसत होतं. मर्टलची खुर्ची पहिल्या रांगेशी, तिच्याशेजारी क्लिफर्ड, मागे मी. भजन झालं. टंचाईच्या भीतीनं सारा देश हात आखडून बसलाय, पण क्रॅगलीनं हात मोकळा सोडला, असं पाद्रीणबाई म्हणाल्या. लोकांनी बुटांकडे पाहिलं.

"आणि हे सगळं एका माणसामुळे. क्लिफर्ड, दोन शब्द बोला ना."

क्लिफर्ड उठला. वेदीपर्यंत गेला, डब्यांकडे बघत राहिला. मग कोटाच्या खिशातून बाजाराची पिशवी काढली आणि शांतपणे पीच भरायला लागला.

"क्लिफर्ड?" पाद्रीणबाई म्हणाल्या.

"माफ करा, बाई. हे मी परत नेतोय. सुगीसाठी नव्हतेच हे. मी खोटं बोललो. मर्टलसाठी होते. मला भीती वाटते."

मागून नॉर्मन उठला. "अरे, काही कमी पडणार नाही म्हणून तूच ओरडत होतास ना?"

"ओरडत होतो! लेकाचे ग्रीसहून येतात हे मला काय माहीत?"

"मग मला आधी विचारायचं! सूप नव्हतं त्या खोक्यात, पीचच होते!"

"ठाऊक आहे मला, गाढवा! खोक्यावर लिहिलं होतं!"

चॅपेलात असा आरडाओरडा कुणी ऐकला नव्हता. पाद्रीणबाई खाली उतरून भोपळ्याला धरून उभ्या होत्या. क्लिफर्ड भराभर डबे पिशवीत टाकत होता. पिशवी फाटली आणि डबे गडगडत बाकांखाली गेले. तो गुडघ्यांवर बसून ते गोळा करायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, बाकाखाली हात घालून रडत होता.

"क्लिफर्ड हेवूड."

आवाज बायकी होता, घोगरा. मला वाटलं पाद्रीणबाईंचा. पण त्या तोंड उघडं टाकून पहिल्या रांगेकडे बघत होत्या.

"ठेव... ते... खाली," मर्टल म्हणाली. एकेक शब्द ती विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत होती. "मला... पीचचा... वीट आलाय."

क्लिफर्ड गुडघ्यांवरच वळला. त्याच्या दोन्ही हातांत डबे होते.

"काय म्हणालीस?"

"बहिरा... झालास?" मर्टलचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "वीट आलाय! नाही म्हणते... तर ऐकत नाहीस. मेल्या."

नॉर्मन खाली बसला. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. बहुधा मीच असेन. क्लिफर्डनं डबे जमिनीवर ठेवले आणि तसाच गुडघ्यांवर सरकत तिच्या खुर्चीपाशी गेला. तिच्या लुळ्या हातावर गाल टेकवला.

"परत बोल," तो म्हणाला.

"काय... बोलू?"

"काहीही. शिव्या घाल."

मर्टलनं त्याच्या टकलाकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. शाळेत पोरांची रांग वाकडी झाली की बघायची तशी. आणि मग तिनं शिव्या घालायला छाती भरून श्वास घेतला.