चर्चमधलं कासव आणि आमचे दाजी

इस्लामपूरजवळच्या आमच्या दाजींच्या गावातल्या लुथरन चर्चमध्ये देव राहतो की नाही, याबद्दल कुणाला शंका असू शकते. पण त्या इमारतीचे मालक दाजीच आहेत, याबद्दल खुद्द पाद्रीसाहेबांनाही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला पोरगा असो की मतं मागायला आलेला उमेदवार, दाजी त्याला हाताला धरून चर्च दाखवणारच. "साहेब जर्मन, गवंडी औंधकडचं. साहेबानं कागदावर कमानी काढून दिल्या, पर गवंड्यांनी जल्मात देवळंच बांधल्याली. हात ऐकतोय व्हय?" म्हणून त्या काळ्या दगडाच्या चर्चला खिडक्या टोकदार विलायती, खांबांच्या बुडाशी कमळं, मनोऱ्यावर कळस आणि कळसावर क्रूस. उंबरा ओलांडला की जमिनीत, देवळात असतं तसं, दगडी कासव! "साहेबानं इच्यारलं, ह्ये काय? गवंडी म्हणाला, ह्याच्याबिगर देव आत येत न्हाई. साहेबानं टोपीच काढली!" हा संवाद दाजींना कुणी सांगितला, हे विचारायची सोय नाही. एका शहरी पाहुण्याने, ज्याच्या नावाचा हा पंथ त्या लुथरने पोपविरुद्धच्या तक्रारींचा कागद चर्चच्या दारावर ठोकल्याची गोष्ट काढली, तर दाजी म्हणाले, "आमच्या दाराला खिळा मारून दाखवा म्हणावं. सागवान हाय."

माझं लग्न तिथंच लागलं. पाद्रीसाहेब अंगठ्या घेऊन ताटकळले होते आणि दाजी वऱ्हाडाला कमळं दाखवत होते. फोटोग्राफरही त्यांच्या मागे गेला. लग्नाच्या फोटोंत माझ्यापेक्षा खांबच स्वच्छ आलेत. बायको म्हणते, तेच बरं झालं.

मग चर्चच्या कमिटीने जुन्या दगडांवर चकचकीत फरशी घालायचं ठरवलं. कासव तिच्याखाली जाणार होतं. कमिटीची अध्यक्ष आमची अक्काच, म्हणजे दाजींची बायको, त्यामुळे दाद मागायला वरचं कोर्टच उरलं नाही. फरशीवाला आला त्या सकाळी दाजी कासवावर खुर्ची टाकून बसले.

"आवं, उठा! माणूस खोळंबलाय," अक्का म्हणाली.

"माज्यावरनं घाल म्हणावं फरशी."

"घालंल! बगताय काय!"

दुपारी अक्काने त्यांचा डबा खुर्चीवरच आणून दिला, तेव्हाच मी ओळखलं. जेवण झाल्यावर ती फरशीवाल्याला म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं बाबा ते कासव. कडंनं कापून घाल. ह्यो माणूस न्हाईतर हितंच मुक्कामाला ऱ्हाईल."

आता दाजींना फारसं दिसत नाही. खांब, कमळं, माझं टक्कल, सगळं एकाच धुक्यात गेलंय. परवाच्या रविवारी अक्का त्यांना धरून आत घेऊन आली. चपला बाहेर काढलेल्या. गुळगुळीत फरशीवर दाजी अनवाणी पायाने चाचपडत राहिले, अनोळखी घरात शिरल्यासारखे. मग पाऊल खडबडीत दगडाला लागलं आणि ते थांबले.

"आलं का तुमचं कासव?" अक्काने हळूच विचारलं.

"आलं," दाजी म्हणाले, आणि तिचा हात सोडून आपले आपण बाकाकडे चालू लागले.