ताकदीची गोळी

घट उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी बेसिनपाशी दात घासून राहिली होती अन् मले तिची जीभ दिसली. पांढरी, दही चिकटल्यासारखी. बोटाले फडकं गुंडाळून मी पुसून पायलं, तर खालून लालबुंद निघालं. अव माय!

ही माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी. बहीण एचआयव्हीनं गेली. शेवटी तिच्याही तोंडात असंच पांढरं पसरलं होतं, पाणी गिळवत नव्हतं. पोरगीले तो आजार जन्मापासूनच. आम्ही तिले सेक्टर सहातल्या आमच्या प्लांटच्या क्वार्टरात आणली. रोज संध्याकाळी एक गोळी, अन् तिच्या भरवशावर पोरगी धडधाकट शाळेत जाऊन राहिली होती. गोळी कशाची हे मात्र तिले सांगितलं नव्हतं. ‘ताकदीची आहे,’ एवढंच. शेजारणींनाही तेच.

हे प्लांटात फर्स्ट शिफ्टले गेले होते. मी पोरगीले स्कूटीवर बसवलं अन् दुर्गले निघाली, तिचा इलाज चालते तिथं. वाटेत सुपेल्याच्या चौकात मागून हॉर्नवर हॉर्न, अन् माझ्या डोक्यात एकच घोकणं: गोळीनं काम सोडलं. आता हीही आईसारखीच जाते.

डॉक्टरीणबाईनं टॉर्चनं तोंड पायलं. म्हणाली, ही बुरशी आहे. कितीतरी लेकरांच्या तोंडात ती गप पडून असते, दिसतही नाही. अंग कमजोर झालं की वर येते. मग तिनं सरळ पोरगीलेच विचारलं, “बेटा, दवाई रोज लेती हो?”

“हाँ. उपवास छोड़के.”

आमच्या घरी उपवास गंज. श्रावणातले सोमवार, चतुर्थ्या, मग नवरात्र. यंदा पोरगीनंही हट्टानं सगळे धरले होते. हे मात्र उपवासाच्या नावावर साबुदाणा, शेंगदाण्याचे लाडू, दूध-केळी हाणत, अन् मी यांना चिडवायची, “एवढं ताकदीचं खाल्ल्यावर उपवास कायचा हो?”

“कोणं सांगितलं तुले असं?” मी ओरडलीच.

“तूच तर म्हणते. ताकदीचं खाल्ल्यावर उपवास कायचा.”

मी तिच्या हातावर गोळी ठेवायची अन् आरतीच्या तयारीले लागायची. पोरगीनं सांगितलं, उपवासाच्या दिवसांच्या त्या गोळ्या तिनं देवीच्या फोटोमागं ठेवल्या, एकावर एक.

तिले दोन हाणावं का गळ्यात पडून रडावं, काही सुधरेना. “अन् एवढे उपवास कायले धरले, बाप्पा?”

“तू आईसारखी नको मरू म्हून.”

डॉक्टरीणबाईनं तोंडात टाकाचे थेंब देल्ले, रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मले माहीत. सकाळी उठली की आधी, “आ कर.” शाळेतून आली की पुन्हा, “आ कर.” जीभ साफ होऊन राहिली होती, पण मले धीर येईना. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची.

रिपोर्ट आला. गोळीनं काम सोडलं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईनं मलेच झापलं, “आता तिले खरं सांगा. नाहीतर पुढच्या श्रावणात पुन्हा हेच.”

त्या संध्याकाळी मी तिले जवळ बसवलं. खिडकी लावून घेतली, टीव्हीचा आवाज वाढवला अन् सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, तो आईकडून आला हेही सांगितलं. गोळी थांबली की तो उलटते, हेही. मले वाटलं आता विचारते, मी मरीन का? त्याचं उत्तर द्याची तयारी मी करून ठेवली होती.

तिनं विचारलं, “मंग आईनं ही गोळी कावून नाही घेतली?”

“तिनं कोणाले सांगितलंच नाही वं. आमाले कळलं तोवर गंज उशीर झाला होता. ती भेत होती.”

“कोणाले भेत होती?”

पोरगीनं बंद खिडकीकडं पायलं, मग माझ्याकडं, अन् गोळीसाठी हात पुढं केला.