हत्तीच्या कडेची पांढरी रेघ

प्रेसमध्ये तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. गळ्यात कायम दोरीला अडकवलेलं भिंग. छापलेला कागद हातात आला की चित्रबित्र नंतर, आधी कोपऱ्यातली अधिकच्या चिन्हासारखी खूण बघायची. तिचं मशीन एका वेळी एकच रंग छापायचं, म्हणून सगळ्या रंगांच्या खुणा बरोब्बर एकावर एक बसायला हव्यात. जरा हलल्या की मशीनला असल्या शिव्या हासडायची की बास!

आज मात्र बाई गप्प. कारण तो हत्ती.

लेकीचं पहिलंच चित्रांचं पुस्तक. प्रकाशकाच्या मागे लागून, "माझ्याच मशीनवर छापा" म्हणून बाईनेच काम आणलेलं. आणि पिवळ्या आभाळात उभ्या निळ्या हत्तीच्या कडेने पांढरी रेघ!

"बाई, हत्तीची बनियन दिसतेय," बाइंडर खिदळला.

"तू तुझा सुई-दोरा बघ!"

प्रकाशक हसला नाही. "उद्या दुपारी येतो. हे असंच असेल तर काम दुसरीकडे देईन. वाईट वाटून घेऊ नका."

तो गेला आणि बाई स्टुलावर मटकन बसली. पोरीच्या पुस्तकाची वाट लावली आपण, आणि तीही आपल्याच हाताने!

"आई, माझं चित्रच चुकलंय का गं?" लेकीचे डोळे भरलेले.

"गप. चित्राला काय झालंय? मीच माती खाल्ली." एरवी बाई कागद गोदामातून आणून, गठ्ठे सोडून, रात्रभर मशीनशेजारी ठेवायची. दमट कागद आधी या खोलीत सुकू दे, मग छपाई. दुसऱ्या कुणी घाई केली तर त्याला फाडून खायची. पण यावेळी तिलाच दम निघाला नाही. कागद आला तसा चढवला. हत्तीपुरती जागा कोरी सोडून पिवळा छापला, कागद सुकला, आकसला, मग त्या जागेत निळा बरोब्बर बसणार कसा?

नवे गठ्ठे सोडून ठेवले. लेक मात्र कॉम्प्युटरपुढे बसली. "आई, पिवळ्याची कड जराशी निळ्याखाली वाढवू? मग कागद केसभर हलला तरी पांढरं दिसणार नाही."

"कड हिरवट दिसेल ना पण."

"दिसू दे ना, आई!"

बाईला नाही म्हणावंसं वाटत होतं. पोरीचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पिवळा, मग निळा. खुणा एकावर एक अश्शा चिकटल्या! लेकीने आईच्या गळ्यातलं भिंग ओढून डोळ्याला लावलं. "आई, हिरवट दिसतंय गं थोडं."

"भिंगातून दिसतंय! पोरं काय भिंग लावून वाचणारेत?" बाई बोलून गेली आणि बाइंडर तोंडाचा आ करून बघतच राहिला.

दुपारी प्रकाशक आला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"बनियन कुठे गेली?"

"आत खोचली," बाई म्हणाली आणि उरलेले रंग चढवायला उठली.